नील बेटावर एकटीने पाच रात्री (आणि एकच टॉवेल)

आधीच सांगते, होमस्टेचं नाव लिहिणार नाहीये. एक तर तक्रारी आहेत आणि त्या मालकीणबाईंना तोंडावर सांगून झाल्यात, आणि दुसरं म्हणजे एकूण पाचच खोल्या आहेत अन् पुढच्या जानेवारीत मला त्यातली एक पाहिजे.

तर पुण्याहून चेन्नई, तिथून पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम, पण मला भेटलेले रिक्षावाले सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणत होते). सेल्युलर जेल बघितलं, मराठी माणूस अंदमानला जाऊन ते न बघता आला तर घरात घेत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी फेरीने नील. सरकारी नाव शहीद द्वीप. टूरवाले इथं फार तर एक रात्र देतात नाहीतर सकाळी उतरवून संध्याकाळी उचलतात. मी ज्याच्याकडे चौकशी केली तो कोथरूडातला टूरवाला पण म्हणाला मॅडम, नीलला पाच दिवस काय करणार, बघायला काही नाहीये. म्हटलं अहो मला तेच पाहिजे.

खोली बांबूची, पंखा, मच्छरदाणी, पुढे छोटा व्हरांडा. रात्रीचे २२०० रुपये, नाश्ता धरून. एकटीला वेगळा रेट आहे का विचारलं तर बौदी (मालकीणबाई बंगाली, सगळे त्यांना बौदीच म्हणतात) म्हणाल्या खोली तर तेवढीच ना. बरोबर आहे, पण मग पैसे दोघांचे आणि टॉवेल एक हा कुठला हिशोब. जाहिरातीत ‘समुद्रासमोर’ असं होतं. समोर आहे, नाही कशाला म्हणू, पण मध्ये वांग्याचं शेत, दुधीचा मांडव आणि दोन गाई लागतात. या बेटाची भाजी आजूबाजूच्या बेटांवर जाते म्हणे, त्यामुळे शेत कोण कशाला काढेल.

खरी तक्रार पाण्याची. आंघोळीचं पाणी मचूळ, दुसऱ्या दिवशी केसांचा पार काथ्या झाला. बोलल्यावर रोज एक बादली गोडं पाणी मिळायला लागलं, पण बोलावं लागलं. दोनदा संध्याकाळी लाइट गेली, वायफाय नावाला.

आता चांगलं. व्हरांड्यात एक पाटी टांगलीय, त्यावर रोज खडूने ओहोटीची वेळ लिहितात. माझं आजोळ गुहागरकडचं आणि आजोबांनी शिकवलेलं की तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. त्या दिवशी संकष्टी, चौथी तिथी म्हणजे तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी, असा हिशोब करून मी मोठ्या ऐटीत पाटीकडे न बघता सायकल काढून लक्ष्मणपूरच्या नॅचरल ब्रिजला (किनाऱ्यावरची खडकाची नैसर्गिक कमान) गेले. तर पाणी चढायला लागलेलं, लोक परत निघालेले. पाटीवर साडेसहा होतं. आजोबांचं गणित कोकण किनाऱ्याचं, बंगालच्या उपसागरात ते कसं चालणार, दोन-अडीच तासांनी हुकलं. आणि संकष्टीचं अजून एक, इथं साबुदाणा कुठला, दिवसभर केळी आणि शहाळी, कालनिर्णयात बघून ठेवलेली पुण्याची चंद्रोदयाची वेळ धरून बसले होते तर चंद्र तासभर आधीच वर! आपण एवढे पूर्वेला आलोय हे विसरायलाच होतं, घड्याळ तेच ना. सूर्य पण पावणेसहाला उगवतो, पुण्यात तेव्हा जानेवारीत मिट्ट काळोख असतो, आणि सव्वापाचला बुडतोसुद्धा. साडेसातला सगळं बेट झोपायच्या तयारीत. मला दोन दिवस लागले, मग मीही नऊला गुडूप.

दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखी पाटी बघून गेले. पाणी आत गेलं की कमानीखाली खडकात डबकी राहतात, त्यात निळे बोटभर मासे, आणि समुद्रकाकडी, काळी, मऊ, भिजलेल्या वातीसारखी पसरलेली. एका डबक्याशी तासभर उकिडवी बसले, गुडघे गेले पण कोणी हाक मारली नाही. चप्पल मात्र पट्ट्याची न्या, मेलेलं पोवळं पायाला कापतं.

बीचची नावं भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर, एक रामनगर. शत्रुघ्नाच्या वाट्याला इथंही काही नाही. भरतपूर जेट्टीजवळ, काचेच्या तळाच्या बोटी, गर्दी. तिथंच एका मराठी ग्रुपमधल्या काकूंनी विचारलं, एकट्याच? मिस्टर नाही आले? पाच दिवसांत हा प्रश्न विचारणाऱ्या त्या एकट्याच, पण बाकरवडी दिली म्हणून माफ. सीतापूर पहाटे, लक्ष्मणपूर संध्याकाळी, बेट एवढंसं आहे की भाड्याच्या सायकलवर सगळं होतं.

जेवण बौदींच्या हातचं, रोज भात. सुरमई मोहरीच्या तेलात, पहिल्या घासाला नाकात जाते, तिसऱ्या दिवशी मीच मागून घेतली. कारल्याचं शुक्तो (बंगाली कडसर मिश्र भाजी) मात्र खाल्लं नाही, कारलं ते कारलं. दुधाचा चहा पावडरीचा आहे, कोरा लाल चहा घ्या.

रात्री व्हरांड्यात खरखर आवाज येतो, घाबरू नका, शंख पाठीवर घेऊन खेकडे फिरत असतात. एक माझ्या चपलेत शिरला होता. शिंपले-पोवळी काही उचलून आणू नका, पोवळ्याला तर कायद्याने हात लावायचा नाही आणि परतीला एअरपोर्टवर बॅग बघतात.

परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला येऊन राहा, समुद्र खवळला की फेरी रद्द होते. आणि रोख पैसे न्या, माझं यूपीआय होईपर्यंत मी वांग्याच्या शेतात मोबाइल डोक्यावर धरून उभी होते आणि गाई बघत होत्या.