घर भरलं की कोणता सिनेमा लावायचा?

भाऊबीजेची जेवणं आटोपली, पानसुपारी झाली, की पुण्यातल्या कितीतरी घरांत दुपारी एकच फर्माईश होते: काहीतरी हलकंफुलकं लावा, सगळ्यांना बघता येईल असं. गौरीजेवणानंतरही तेच. अशा वेळी हात आपसूक जातो तो कुटुंबाच्या गोतावळ्यावरच्या विनोदी सिनेमाकडे. सणाला जमलेलं आणि आतून उसवलेलं घर हा विनोदाचा भरघोस प्रांत आहे, मराठीत, हिंदीत आणि हॉलिवूडमध्येही. पण हे सिनेमे सगळ्या घरांना सारखे मानवत नाहीत. पेठेतला वाडा बिल्डरला दिल्यावर वाटणीवरून ज्या भावांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं आणि यंदा कुठे ते एका पंक्तीला बसलेत, त्या घरात काय लावायचं हे जरा विचार करूनच ठरवायला हवं.

माझी कसोटी एकच आहे. सिनेमा घरातल्या प्रत्येक माणसाची बाजू एकदा तरी घेतो का? एक जण शहाणा आणि बाकी सगळे तऱ्हेवाईक, अशी मांडणी एकट्याने बघायला चालते. भरल्या घरात मात्र कुणीतरी त्या तऱ्हेवाईकांत स्वतःला ओळखतं आणि 'चहाचं बघते' म्हणत उठून जातं.

या कसोटीवर पहिली जोडी लावून बघू: राजेश मापुसकर यांचा 'व्हेंटिलेटर' आणि शकुन बत्रा यांचा 'कपूर अँड सन्स'. दोन्ही २०१६चे. दोन्हींत घरातलं वडीलधारं माणूस आजारी पडतं आणि पांगलेली माणसं गोळा होतात. इथपर्यंत साम्य. पुढे दोघांचे रस्ते पार वेगळे.

'व्हेंटिलेटर'मध्ये गणपती तोंडावर आलेत आणि कामेरकरांचे गजाकाका अत्यवस्थ आहेत. सगळं खानदान हॉस्पिटलात लोटतं. काकांची काळजी आहेच, पण ऐन गणपतीत सुतक आलं तर काय करायचं, ही काळजीही तितकीच खरी आहे. हा प्रश्न आपल्याकडे मोठ्याने कुणी विचारत नाही, आणि मनात आल्यावाचूनही राहत नाही. सिनेमाची ताकद नेमकी इथे आहे. असा विचार करणाऱ्या माणसांना तो नीच ठरवत नाही. ती कोती आहेत, भाबडी आहेत, हिशेबी आहेत, आणि तरीही रात्रभर हॉस्पिटलात बसायला तयार आहेत. बापाशी वाकडं असलेला, गजाकाकांचा मुलगा प्रसन्न जितेंद्र जोशींनी केलाय, तर खानदानातला सिनेदिग्दर्शक राजा आशुतोष गोवारीकरांनी. पात्रं इतकी की पहिली वीस मिनिटं कोण कुणाचा कोण हे लावण्यातच जातात. भरल्या घरात मात्र त्याचाही फायदा होतो, कारण आपल्या आत्या-मावश्या हे नातं एकमेकींना समजावून सांगण्यात फार तरबेज असतात. चौसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत याला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला तो मला पूर्ण पटतो. एवढी माणसं एका चौकटीत ठेवून प्रत्येकाचा चेहरा लक्षात राहील असं करणं सोपं काम नव्हे.

पुणेकरांसाठी यात आणखी एक आनंद आहे: नाटककार सतीश आळेकर यात भूमिकेत आहेत. १९७४ साली पुण्यात 'महानिर्वाण' रंगमंचावर आणून मरणाच्या सोपस्कारांकडे हसत बघायची हिंमत ज्यांनी दिली, ते आळेकर मरणाच्या दारात चाललेल्या या गोंधळात दिसतात. ज्यांनी ते नाटक पाहिलंय त्यांना हा धागा आपोआप जाणवेल.

'कपूर अँड सन्स' तमिळनाडूतल्या कुन्नूरला घडतो. नव्वदीच्या दादूंना सगळ्या कुटुंबाचा मिळून एक फोटो हवाय, आणि तोच काही केल्या निघत नाही. ऋषी कपूर तेव्हा साठीच्या जरासे पुढे होते. मेकअपच्या थरांआडूनही त्यांचा मिस्कीलपणा लपत नाही. पण या सिनेमाची खरी कमाई भांडणांत आहे. एक प्रसंग नीट बघावा. घरात प्लंबर काम करायला आलाय आणि त्याच्या देखत रत्ना पाठक शाह आणि रजत कपूर या नवरा-बायकोची जुंपते. मग मुलं त्यात पडतात. विषय भराभर बदलतात: पैसा, जुने राग, कोण कुणाचा लाडका. सगळे एकाच वेळी बोलतात, कुणीच कुणाचं ऐकत नाही, आणि परका माणूस मध्ये उभा. पडद्यावर घरातलं भांडण इतकं खरं मी फार कमी वेळा पाहिलंय. आपण हसतो खरे, पण पोटात गोळाही येतो.

म्हणूनच हा सिनेमा सणाच्या दुपारी लावताना दहा वेळा विचार करावा. आईचं एका मुलाला झुकतं माप, धाकट्याच्या मनात त्याचा सल, आई-वडिलांतला अविश्वास हे सगळं उत्तरार्धात फार तीव्र होतं, आणि मग विनोद मागे पडतो. ज्या घरात अशी जखम ताजी आहे तिथे तो खोलीतल्या माणसांवर बोट ठेवल्यासारखा वाटेल. कलाकृती म्हणून मी 'कपूर अँड सन्स'ला वरचढ मानतो. पण आजी-आजोबा, जावई, भाचरं असं सगळं घर समोर असेल तर निःशंकपणे 'व्हेंटिलेटर' लावावा. त्यात रडू येतं तेही एकत्र रडण्यासारखं आहे. 'कपूर अँड सन्स' सगळे आपापल्या घरी गेल्यावर, भावंडांनी मिळून बघावा.

दुसरी जोडी खास त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरी यंदा पहिल्यांदाच होणारी सून किंवा जावई सणाला येतोय. नवज्योत बांदिवडेकर यांचा 'घरत गणपती' (२०२४) आणि थॉमस बेझुचा यांचा 'द फॅमिली स्टोन' (२००५). एकात उत्तर भारतीय मुलगी कोकणातल्या घरच्या गणपतीला येते, दुसऱ्यात न्यूयॉर्कची चोख, ताठ मेरेडिथ ख्रिसमसला प्रियकराच्या ऐसपैस, मोकळ्याढाकळ्या घरी येते.

'घरत गणपती' गोड आहे. अश्विनी भावे आणि अजिंक्य देव यांना एकत्र बघण्याचं सुख आहे, आणि बांदिवडेकरांना इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, पदार्पणातल्या दिग्दर्शनाचा पुरस्कारही मिळालाय. पण घरातली माणसं मुळात इतकी चांगली आहेत की ताण फार वेळ टिकत नाही. ज्यांना सणाचं वातावरण, आरती, पंगत आणि शेवटी समेट हवाय, त्यांनी हाच लावावा.

'द फॅमिली स्टोन' जास्त धीट आहे. इथे छळ करणारी माणसं सुसंस्कृत आणि प्रेमळ आहेत, आणि तरी ती एका पाहुणीला कोपऱ्यात ढकलतात. डायान कीटनने रंगवलेली आई कबूल केलेली अंगठी मुलाला द्यायलाच तयार नाही. जेवणाच्या टेबलावर मेरेडिथ चुकीचं बोलते, ते सावरायला जाते आणि अधिकच रुतत जाते. तो प्रसंग बघताना हातपाय आखडतात. मग भेटवस्तू उघडायची वेळ येते. तिने आणलेली भेट म्हणजे आईचा गरोदरपणातला जुना फोटो, मोठा करून, फ्रेम करून, प्रत्येकासाठी एक. ती फ्रेम हातात आल्यावर ज्यांनी तिला हिणवलं त्यांचे चेहरे बघा. घरात नव्याने येणाऱ्या माणसाकडे आपण कसं बघतो, हे इतक्या कमी शब्दांत क्वचितच कुणी दाखवलं असेल. सासू आणि होणारी सून शेजारी शेजारी बसून बघणार असतील तर 'घरत गणपती'. नणंदा-दिरांची फौज एकटीच बघणार असेल तर 'द फॅमिली स्टोन', आणि तोही पाहुणी यायच्या आधी.

तिसऱ्या जोडीबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण निवड पोरांच्या वयावर ठरते. 'नॅशनल लॅम्पून्स ख्रिसमस व्हेकेशन' (१९८९) हा घरी आदर्श सण घडवून आणायच्या हट्टाला पेटलेल्या बापाचा सिनेमा. पंचवीस हजार दिव्यांची रोषणाई, ती लागता लागत नाही. निमंत्रण नसताना गाडीसकट येऊन ठाण मांडणारा नातेवाईक एडी. कापताच फस्सकन वाफ सोडणारी कोरडी टर्की. दहा-बारा वर्षांपुढची मुलं लोळून हसतात, आणि आकाशकंदील लावताना शिडीवरून ओरडणारा बाप प्रत्येक सोसायटीत असतोच, त्यामुळे संदर्भ समजावून सांगावे लागत नाहीत. जेमतेम ९७ मिनिटांचा आहे हेही बरं. मात्र तो पूर्णपणे बापाच्या बाजूचा आहे. दिवसभर राबणारी बायको त्यात नुसती समजूतदार हसत राहते, आणि दोन दिवस चकल्या तळून थकलेल्या बाईला ते खटकलं तर तिचं काहीच चुकत नाही.

त्याच्या शेजारी जोडी फॉस्टर यांचा 'होम फॉर द हॉलिडेज' (१९९५) ठेवला की फरक लख्ख दिसतो. शिकागोतली नोकरी नुकतीच गमावलेली क्लॉडिया थँक्सगिव्हिंगला, म्हणजे घरच्यांनी एकत्र जेवायच्या अमेरिकन सणाला, बाल्टिमोरला आई-वडिलांकडे येते. रॉबर्ट डाऊनी ज्युनिअरने केलेला भाऊ टर्की कापताना ती थेट बहिणीच्या मांडीवर पाडतो. हा झाला धमाल भाग. खरा ऐवज त्यानंतर येतो. तीच बहीण, जोअ‍ॅन, क्लॉडियाला तोंडावर सांगते की तू मला रस्त्यात भेटली असतीस तर तुझा नंबर मी फेकून दिला असता. आई-वडिलांजवळ राहून रोजचं सगळं निभावणारी ही मुलगी आतापर्यंत चिडकी आणि रसहीन वाटत असते. त्या एका प्रसंगात तिची बाजू दिसते. पुण्यात राहून आई-बाबांच्या दवाखान्याच्या फेऱ्या, बँक, औषधं बघणारी मुलगी आणि वर्षातून एकदा अमेरिकेतल्या बे एरियातून चॉकलेटं घेऊन येणारं भावंड, हे चित्र कोथरूडपासून बाणेरपर्यंत ओळखीचं आहे. त्या दोघांनी हा सिनेमा एकत्र बघावा असं मला मनापासून वाटतं. संवाद भराभर येतात आणि एकमेकांवर चढतात, त्यामुळे चष्मा शोधत सबटायटल्स वाचणाऱ्या ज्येष्ठांना तो दमवेल. त्यांची निजानीज झाल्यावर, रात्री साडेदहाला, आवाज जरा कमी करून लावावा. लहान मुलं तोवर झोपलेली असतील तर उत्तम, कारण यातली भाषा त्यांच्यासाठी नाही.