बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी आणि कॅप: पुण्यातून अर्ज करणाऱ्यांसाठी परीक्षण

बारावीचा निकाल लागला की नर्सिंगकडे वळणाऱ्या मुलामुलींच्या घरी पहिला प्रश्न येतो, "मार्क पुरतील का?" राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाच्या प्रवेशसेवेकडे नीट पाहिलं तर हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न कागदांचा. मार्कांची अट सौम्य आहे, परीक्षा सरळ आहे, पण एका दाखल्याच्या तारखेपायी राखीव जागा हातची जाऊ शकते. म्हणून या सेवेचं परीक्षण करताना परीक्षेला, कागदपत्रांना आणि जागावाटपाला वेगवेगळे गुण द्यावे लागतात.

आधी पात्रता. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार बी.एस्सी. नर्सिंगला बारावी विज्ञान लागतं, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजीसह. किमान 45 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना 40. हिशोब दोन्ही पद्धतींनी करून ठेवा: भौतिक, रसायन, जीव (पीसीबी) मिळून 300 पैकी 135 आणि इंग्रजी धरून 400 पैकी 180. दोन्ही आकडे पार असतील तर निर्धास्त राहा. आपल्या बोर्डात विज्ञानाच्या विषयांना लेखी 70 आणि प्रात्यक्षिक 30 असल्यामुळे हा आकडा गाठणं अवघड नाही. अडतात ते बारावीला जीवशास्त्र सोडून फक्त गणित घेतलेले विद्यार्थी. त्यांना इथे दार बंद आहे. वय प्रवेशाच्या वर्षीच्या 31 डिसेंबरला 17 पूर्ण हवं. लग्न झालेल्या मुली अपात्र ठरतात हा समज अजून ऐकू येतो. तो चुकीचा आहे, विवाहित उमेदवार पात्र आहेत.

कला-वाणिज्यवाल्यांनी निराश होऊ नये. तीन वर्षांच्या जीएनएमला (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी पदविका) कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय आणि 40 टक्के हवेत. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीपर्यंत जाता येतं. वाट लांबची आहे, पण पक्की आहे.

आता परीक्षा. 2023 पासून महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी स्वतंत्र सीईटी होते. हा बदल या सेवेतली सर्वांत चांगली गोष्ट. त्याआधी नर्सिंगला जाणाऱ्या मुलीला नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचं ओझं उचलावं लागत होतं, आणि त्या प्रश्नपत्रिकेचा वॉर्डातल्या कामाशी फारसा संबंध नव्हता. नवी सीईटी 100 प्रश्नांची, 100 गुणांची, 90 मिनिटांची. पाच भाग, प्रत्येकी 20 गुण: भौतिक, रसायन, जीव, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड. निगेटिव्ह मार्किंग नाही.

या रचनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पाचपैकी दोन भाग विज्ञानाचे नाहीत. नीटचा क्लास लावलेले बरेच विद्यार्थी ॲप्टिट्यूड आणि इंग्रजी "होऊन जाईल" म्हणून सोडून देतात आणि तिथेच मागे पडतात. ॲप्टिट्यूडमध्ये तर्क, आकडेमोड, रुग्णाशी वागण्याची समज अशा गोष्टी तपासल्या जातात; त्यासाठी रोज अर्धा तास पुरतो, पण महिनाभर सलग हवा. प्रश्नाला सरासरी 54 सेकंद मिळतात. भौतिकशास्त्रातलं एखादं गणित तीन मिनिटं खाऊन जातं, म्हणून असे प्रश्न शेवटी ठेवावेत. उत्तर चुकलं तरी गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नये. परीक्षेला आमच्याकडून पूर्ण गुण.

गोंधळ सुरू होतो तो यानंतर. सीईटीचा अर्ज भरला, परीक्षा दिली, निकाल आला, म्हणजे प्रवेशासाठी नाव लागलं असं अनेक घरांत धरून चालतात. तसं होत नाही. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे कॅपसाठी, पुन्हा वेगळी नोंदणी करावी लागते, शुल्क वेगळं भरावं लागतं, कागदपत्रं अपलोड करावी लागतात आणि नंतर कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. पैकी एक पायरी चुकली तर उत्तम गुण असूनही नाव गुणवत्ता यादीत येत नाही किंवा जागा मिळत नाही. सूचना संकेतस्थळावर येतात, त्या रोज पाहण्याची सवय लावा. मित्राने पाठवलेल्या व्हॉट्सॲप मेसेजवर तारीख ठरवू नका.

कागदांची बाजू या सेवेची सर्वांत दुबळी बाजू आहे. दोष एकट्या सीईटी कक्षाचा नाही; दाखले तहसीलमधून, पडताळणी समितीतून, शाळेतून येतात आणि प्रत्येकाची गती निराळी. पुणे शहरातल्यांची धाव खडकमाळ आळीच्या मामलेदार कचेरीकडे असते, पण आता बहुतेक दाखल्यांचे अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा जवळच्या महा ई-सेवा केंद्रातून करता येतात. वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला यांच्यासाठी दोन-तीन आठवडे हाताशी धरा. जून-जुलैमध्ये अकरावीपासून इंजिनिअरिंगपर्यंत सगळ्यांची गर्दी एकाच खिडकीवर येते, म्हणून हे काम बारावीच्या परीक्षेआधी, डिसेंबर-जानेवारीत उरकलेलं बरं.

नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्राची (मागास प्रवर्गातलं कुटुंब संपन्न गटात मोडत नाही असं सांगणारा कागद) अडचण तारखेची असते. ते पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत वैध हवं. दहावीनंतर काढलेलं जुनं प्रमाणपत्र फाइलमध्ये असतं, घरचे "आहे आपल्याकडे" म्हणतात, आणि पडताळणीच्या वेळी कळतं की त्याची मुदत गेल्या मार्चमध्येच संपली. हे प्रमाणपत्र ओबीसी, व्हीजे-एनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांना लागतं. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. आणखी एक गल्लत: नॉन क्रीमी लेयर ठरवताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न उत्पन्नाच्या कसोटीत धरत नाहीत, पद आणि इतर उत्पन्न पाहतात. ईडब्ल्यूएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) मात्र सगळ्या मार्गांचं उत्पन्न धरतात. आकडा दोन्हीकडे 8 लाखांचाच दिसतो, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात आणि चुकीचा अर्ज करतात.

जात वैधता हा सर्वांत वेळखाऊ कागद. जातीचं प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; दुसरं पहिल्याची पडताळणी झाल्याचं सांगतं. पुण्याची जिल्हा जात पडताळणी समिती विश्रांतवाडीला आहे. अनुसूचित जमातींची समिती वेगळी. अर्ज ऑनलाइन भरून कॉलेजच्या शिफारसपत्रासह द्यायचा असतो आणि त्यासाठी वडील, आजोबा, काका यांच्या शाळेच्या नोंदी लागतात. त्या गावच्या शाळेतून आणाव्या लागतात, कधी जुन्या रजिस्टरमध्ये नाव वेगळं लिहिलेलं असतं, त्यासाठी पुन्हा प्रतिज्ञापत्र. म्हणून अकरावीतच अर्ज करा. रक्ताच्या नात्यातल्या कुणाची वैधता आधीच झाली असेल तर तिची प्रत जोडा, काम बरंच सोपं होतं. सरकार कधी कधी वैधता नंतर सादर करायला मुदत देतं, पण ती यंदाही मिळेल यावर विसंबून राहू नका.

नावातल्या फरकाकडेही लक्ष हवं. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, हे चालून जातं. पण वडिलांचं नाव एका ठिकाणी "बाळासाहेब" आणि दुसरीकडे "बाळू" असेल, किंवा स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी असेल, तर पडताळणीत शेरा येतो. दहावीचं प्रमाणपत्र मूळ धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या. आधार दुरुस्ती त्यातल्या त्यात लवकर होते. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद सोबत ठेवा. बारावीनंतर वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. स्कॅन करताना मोबाइलने काढलेला तिरका, सावली पडलेला फोटो अपलोड करू नका. शिक्का आणि बारकोड वाचता आला पाहिजे.

पसंतीक्रमाबद्दल एकच सांगायचं आहे, पण ते महत्त्वाचं आहे. जागावाटप गुणवत्ता आणि तुम्ही दिलेला क्रम यांवर होतं. तुमच्या गुणांना मिळू शकणारी तुमच्या यादीतली सर्वांत वरची जागा तुम्हाला मिळते. म्हणून "मिळणार नाही" असं वाटलं तरी खरं आवडतं कॉलेज वर ठेवा, त्याने खालच्या पर्यायांचं काही बिघडत नाही. उलट, जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादी लांबवण्यासाठी घालू नका. ते मिळालं तर पुढच्या फेरीत काय होतं याचे नियम त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत असतात, ते पान छापून भिंतीला लावा.

पैशांच्या बाबतीत कॅपला आम्ही खूप वर ठेवतो. खासगी विनाअनुदानित कॉलेजांचं शिक्षण शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ते कॉलेजनिहाय पाहता येतं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानंतर कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून झालेला हवा. संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही, अभिमत विद्यापीठांनाही नाही. "फेरीची वाट कशाला बघता, आजच सीट पक्की करा" असं सांगणारा एजंट हा भाग सांगत नाही. एका सहीने चार वर्षांची माफी जाते. माफीचा अर्ज महाडीबीटी या शासकीय पोर्टलवर करायचा असतो, आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं. हॉस्टेल, मेस, गणवेश, बस यांचा खर्च याबाहेर राहतो, तो आधी लेखी विचारा.

पुण्यात कॅपबाहेरच्या वाटाही आहेत. भारती विद्यापीठ, सिंबायोसिस, पिंपरीचं डी. वाय. पाटील ही अभिमत विद्यापीठं असल्यामुळे त्यांची प्रवेश प्रक्रिया स्वतंत्र असते, अर्जही वेगळा करावा लागतो. वानवडीच्या एएफएमसीचं (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय) नर्सिंग कॉलेज हा निराळाच मार्ग: तो फक्त मुलींसाठी आहे, नीट द्यावी लागते, पुढे सैनिकी परिचर्या सेवेचं बंधपत्र असतं. देशभरातल्या सहा सैनिकी कॉलेजांच्या मिळून 220 जागांपैकी 40 पुण्यात आहेत. हा पर्याय मनात असेल तर केवळ सीईटीच्या तयारीवर थांबू नका.

कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा रुग्णालय पाहा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे कॉलेजला किमान 100 खाटांचं स्वतःचं रुग्णालय लागतं आणि वॉर्डात एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत. कागदावर खाटा असतात, भरलेल्या किती असतात हे सकाळी आठच्या सुमारास जाऊन बघितलं की कळतं. त्या वेळी ड्यूटी बदलते, विद्यार्थिनी वॉर्डात असतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा: प्रसूती आणि मानसोपचार यांच्या पोस्टिंगला कुठे पाठवतात, बस कॉलेजची असते का, इंजेक्शन आणि ड्रेसिंग स्वतःच्या हाताने किती वेळा केलं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता त्या वर्षासाठी आहे का, तेही त्यांच्या यादीत तपासा, कॉलेजच्या फलकावर नको.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी एक ध्यानात घ्यावं. पदवीचं शिक्षण इंग्रजीतून आहे आणि पहिल्याच सेमिस्टरमध्ये शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि नर्सिंग फाउंडेशन एकदम अंगावर येतात. संवादासाठीच्या इंग्रजीचा विषयही त्याच सेमिस्टरला आहे. थिअरीला 80 टक्के हजेरी लागते. प्रात्यक्षिकाची हजेरी पदवी मिळण्याआधी 100 टक्के भरावी लागते, म्हणजे चुकलेली ड्यूटी नंतर करावीच लागते. राहायला वारजे आणि कॉलेज वाघोलीला, असा बेत असेल तर सकाळच्या ड्यूटीचं गणित आधीच मांडा.

वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला काढताना डॉक्टरांना हिपॅटायटिस बी लसीबद्दलही विचारा. लहानपणी घेतली नसेल किंवा नोंद सापडत नसेल, तर तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घ्यावे लागतात. वॉर्डात जाणं पहिल्या सेमिस्टरपासून सुरू होतं. बारावीची परीक्षा संपल्याच्या आठवड्यात पहिला डोस घेतला, तर सप्टेंबरच्या सुमारास कोर्स पूर्ण होतो.