अलॉय-टायर बसवताना झालेली फसवणूक, चाकाची आतली बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

फोंड्याजवळच्या एका टायरच्या दुकानात माझी सरळ सरळ फसवणूक झालीय. दुकानाचं नाव लिहीत नाही पण कशी केली ते नीट लिहितो, कारण चवथीच्या आधी बरेच जण गाडीला अलॉय (मिश्रधातूची चाकं) घालून घेतात.

माझ्या स्विफ्टला १४ इंची लोखंडी रिम होते, त्याजागी १५ चे अलॉय आणि १८५/६५ आर १५ टायर घेतले. दुकानवाला म्हणाला, "पात्रांव, ४ बाय १०० आहे, डोळे झाकून बसतं." पण ४ बाय १०० म्हणजे १०० मिमीच्या वर्तुळावर चार नट, म्हणजे नुसती नटांची भोकं जुळली. स्विफ्टचा हब (चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग) ५४.१ मिमीचा आणि बाहेरच्या बऱ्याच अलॉयचं मधलं भोक ७३.१ चं, का तर सगळ्या गाड्यांना चालावं, मग मधली फट भरायला हब रिंग घालायची असते. ती घातलीच नाही, पैसे मात्र पूर्ण फिटिंगचे.

वेर्ण्याच्या सरळ रस्त्याला ८० च्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरायचं. परत गेलो की परत बॅलन्सिंग, परत अलाइनमेंट, परत पैसे, आणि रिपोर्टचा कागद एकदाही हातात नाही. बॅलन्सिंग मशीनवर चाक बरोबरच दाखवणार हो, मशीन त्याला मधल्या भोकात कोन घालून धरतं, गाडीवर ते नुसतं नटांच्या भरवशावर. मग म्हणे शॉकर गेले, लोअर आर्म गेला, आणि हजारोंचा खर्च सांगितला.

शेवटी म्हापशाच्या एका वयस्कर मेकॅनिककडे गाडी नेली. लिफ्टवर घेतल्यावर दिसलं, पुढच्या टायरांची बाहेरची नक्षी चांगली खोल आणि आतली कड झिजून टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे टायर संपल्याची खूण म्हणून खाचेत दिलेल्या, उंचवट्याला टेकलेली, म्हणजे जेमतेम १.६ मिमी. त्यांनी मला हात फिरवायला लावला, एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला तर करवतीसारखं लागतं. "हा टो चुकलाय. शॉकर गेले असते तर मधे मधे खळगे पडले असते," म्हणाले. टो म्हणजे वरून बघताना चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, अलाइनमेंटमध्ये हेच लावतात. (दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधलाच पट्टा झिजला तर हवा जास्त, हेही त्यांनीच सांगितलं.) म्हणजे अलाइनमेंट कधी धड केलंच नव्हतं!

आणि खरा संताप पुढे. त्यांनी आतल्या बाजूला बॅटरी मारली, डॉट (DOT) ने सुरू होणाऱ्या नंबराच्या शेवटी चार आकडे, २३१८. म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा, आणि मी हे टायर गेल्या वर्षी नवीन म्हणून, नव्याच्या भावाने घेतलेले. पूर्ण तारीख बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असते, दुकानवाल्याने मागच्या दोन ताज्या टायरांची तारीख बाहेर ठेवली आणि पुढचे दोन जुने मुद्दाम उलटे चढवले, वरून काळं पॉलिश. खाचांत बारीक चिरा होत्या. याच टायरांवर मी आईबाबांना घेऊन भर पावसात अनमोड घाट उतरलो होतो.

दुकानवाला आता म्हणतो हे आमच्याकडचे कशावरून, कारण त्याने दिलेल्या बिलावर नुसतं "टायर ४ नग", सीरियल नंबर नाही. पक्कं बिल आणि त्यावर चारही नंबर मागूनच घ्या, तेही गाडी लिफ्टवर असतानाच. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीय. हब रिंग घातल्या, टो सेट केला, थरथर पूर्ण गेली, शॉकर तेच जुने आहेत.