बीएसएची ‘नं. 1’ बोअरची रायफल आणि बदललेला ठसा

बर्मिंगहॅमच्या बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कारखान्यात 1905 सालापासून दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडापर्यंत एक एअर रायफल बनत असे. तिची रचना लिंकन जेफ्रीज यांच्या 1904 सालच्या पेटंटवर बेतलेली होती. पक्की बसवलेली नळी, ताण देण्यासाठी नळीखाली तरफ आणि छर्रा ठेवण्यासाठी वरच्या बाजूला टॅप, म्हणजे फिरवता येणारी छोटी तोटी, ही तिची ओळख. ब्रिटिश अमदानीत आपल्याकडे आलेल्या या रायफली आजही अधूनमधून विक्रीस येतात, आणि त्यांपैकी 4.5 मिमीच्या, म्हणजे कारखान्याच्या खुणेप्रमाणे ‘नं. 1’ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) रायफलीच्या शोधात मी बरीच वर्षे होतो. ‘नं. 2’ म्हणजे 5.5 मिमी. हा फरक केवळ हौसेचा नाही. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे 4.5 मिमीपर्यंतच्या बोअरची आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल विनापरवाना बाळगता येते. बोअर त्याहून मोठा असेल तर परवाना लागतो. माझी फसवणूक झाली ती नेमकी या फरकाचा फायदा घेऊन.

परराज्यातील एका विक्रेत्याने फोनवर संपर्क साधून छायाचित्रे पाठवली. रायफल एका संस्थानिकाच्या वाड्यातून निघाल्याचे त्याने सांगितले. (जुन्या वस्तूंच्या बाजारात प्रत्येक गंजलेली नळी कुठल्या ना कुठल्या संस्थानाचीच असते, त्यामुळे त्या कथेला मी किंमत दिली नव्हती.) छायाचित्रे मात्र उत्तम होती: एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांचे कारखान्याचे चिन्ह, नळीवरचा ‘नं. 1’चा ठसा, टॅपचा जवळून काढलेला फोटो, सगळे स्पष्ट दिसत होते. प्रत्यक्ष पाहायला येतो म्हटल्यावर घरात लग्नकार्य असल्याचे कारण पुढे आले, आणि दुसरे एक गिऱ्हाईक दारात उभे आहे, इसार दिला नाही तर रायफल हातची जाईल, असा तगादा सुरू झाला. इसार यूपीआयने घेतला गेला. खातेदाराचे नाव विक्रेत्याच्या नावाहून वेगळे होते. त्यावर ‘भाचा आहे’ असे उत्तर मिळाले. उरलेली रक्कम माल ट्रान्सपोर्टला टाकण्यापूर्वी मागितली गेली, आणि ती मिळताच त्याचे बोलणे तुटक झाले.

पार्सल आले, हे विशेष. बहुतेक भामटे रिकामे खोके किंवा विटेचा तुकडा पाठवतात. याने खरोखरच बीएसएची जुनी रायफल पाठवली, पण ती छायाचित्रांतली नव्हती. फोटोतल्या दस्त्याला मागच्या टोकाशी उजवीकडे एक तिरकी चीर होती. हातात आलेला दस्ता अखंड आणि ताज्या पॉलिशचा होता. नळीवर ‘नं. 1’ असा ठसा होता खरा, परंतु ट्यूबलाइटखाली नळी हळूहळू फिरवली असता ठशाच्या जागी प्रकाशाची सरळ रेघ किंचित आत वाकत होती, म्हणजे तेथील धातू घासून काढलेला होता. शंभर वर्षांच्या हाताळणीने जुन्या अक्षरांच्या कडा बोथट होतात. या आकड्याची कड मात्र नखाला बोचत होती. शेवटी टॅपमध्ये 4.5 मिमीचा छर्रा टाकला, टॅप बंद केला आणि नळीचे तोंड खाली धरले, तेव्हा छर्रा कुठेही न अडकता घरंगळत फरशीवर पडला. रायफल ‘नं. 2’ बोअरची होती.

पैसे गेले ते गेलेच, पण परवान्याची गरज असलेले हत्यार विनापरवाना माझ्या घरात येऊन पडले, ही त्याहून गंभीर गोष्ट होती. अशी वस्तू परत पाठवता येत नाही, दुसऱ्याला विकता तर मुळीच येत नाही. विक्रेत्याचा हिशेब बहुधा हाच असावा की, असा गिऱ्हाईक पोलिसांकडे जाण्यास कचरेल. मी वकिलांच्या सल्ल्याने, शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 21 चा आधार घेऊन, सर्व संभाषण आणि छायाचित्रे जोडलेल्या लेखी निवेदनासह रायफल पोलीस ठाण्यात जमा केली व पोच घेतली. आर्थिक फसवणुकीची तक्रार 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर केली. तेथे पैसे गेल्यावर जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम खात्यात गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. माझी रक्कम तोवर पुढे वळवली गेली होती.

अशा व्यवहारात विक्रेत्याला एक गोष्ट करायला सांगावी: टॅपमध्ये 4.5 मिमीचा छर्रा टाकून, टॅप बंद करून नळीचे तोंड खाली धरल्याचा, त्याच अखंड चित्रीकरणात ठसा व दस्ता दाखवणारा व्हिडिओ. ‘नं. 1’मध्ये छर्रा आपसूक बाहेर पडत नाही. तीच छायाचित्रे अलीकडे एका परिचित संग्राहकाला निराळ्या नावाने आणि कमी किमतीला आली आहेत. दस्त्याच्या मागच्या टोकाशी उजवीकडे ती तिरकी चीर दिसली, तर पुढे बोलणी करू नयेत आणि तो फोन नंबर 1930 वर कळवावा.