बोलता टेप की क्लिक रूल?

दृष्टिहीन सुताराला माप घ्यायला दोन साधनं मिळतात. बोलता टेप पट्टी ओढली की आकडा मोठ्याने सांगतो. खोलीची लांबी, दाराची उंची, फळीचा अंदाज यांसाठी तो झकास. पण शेजारी रंधा मशीन सुरू असलं की काय बोलला ते कळत नाही. शिवाय आकडा कळला तरी तो लाकडावर उतरवायचा उरतोच.

क्लिक रूल मुका आहे. नळीतून दांडा सरकवताना दर 1/16 इंचाला, म्हणजे आपल्या अर्ध्या सुताला, टिक लागते आणि अर्ध्या इंचाच्या खुणा बोटांना जाणवतात. माप जुळलं की नट आवळायचा. मग आकडा लक्षात ठेवायची गरजच नाही: तोच दांडा पात्यापासून गाइडपर्यंत (लाकूड टेकवायच्या पट्टीपर्यंत) धरून करवत मशीन लावता येतं. माझ्या मते खरी अचूकता इथे आहे. मोठ्या मापाला जोडदांडे लागतात, तेव्हा मात्र काम रेंगाळतं.

साधन कुठलंही असो, खूण पेन्सिलीने नको. गुण्याला सुरी टेकवून चर पाडा. नख त्यात अडकतं, पटाशीही तिथेच बसते. जोडकामाला क्लिक रूल घ्या, टेप खोल्या मोजायला ठेवा.