खोटा कॅशिअर्स चेक, गेलेला ट्रेलर आणि हात वर करणारे सगळे

आमचा तीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) १९,५०० डॉलरना विकला गेला आणि त्यातला एक डॉलरही आमच्याकडे राहिला नाही. घेणाऱ्याने दिलेला कॅशिअर्स चेक (बँक स्वतःच्या नावाने काढते तो, म्हणून खात्रीचा समजला जाणारा) खोटा निघाला. असले प्रकार कसे चालतात ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं, म्हणूनच संताप जास्त आहे. बे एरियातले आपले बरेच जण मुलं कॉलेजला गेली की मोठा ट्रेलर काढून छोटं काही घ्यायचं बघतात. त्यांनी तरी हे वाचावं.

दोघांसाठी तीस फूट कशाला, हा साधा हिशोब होता. ठेवायच्या जागेचं भाडं महिन्याला २४० डॉलर. योसेमिटीतल्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडला २४ फुटांवरचा ट्रेलर चालतच नाही. शिवाय एवढं धूड मागे घेताना नवऱ्याच्या खांद्याची वाट लागायची. एक जुना पण नीट ठेवलेला पॉप-अप कॅम्पर (छत वर उचलून उघडायचा, कॅनव्हासच्या भिंतींचा छोटा ट्रेलर) मिळाला, ७,८०० डॉलरना. कॅनव्हास कोरडा, छत उचलणाऱ्या केबल्स नव्या, आमच्या एसयूव्हीने सहज ओढता येईल असा. ५०० डॉलर इसार दिला, बाकीचे महिनाअखेरपर्यंत द्यायचे ठरले. म्हणजे ट्रेलर त्याआधी विकायलाच हवा होता. गरजू विकणारा या फसवणाऱ्या लोकांना लांबून ओळखू येतो. आपल्याला घाई आहे हे जाहिरातीत किंवा फोनवर चुकूनही बोलू नका.

पांढरी एफ-२५० पिकअप घेऊन एक माणूस ट्रेलर बघायला आला. चाळिशीचा, अदबशीर. आणि आता सांगते ते लक्षात ठेवा. त्याने छताचं सीलिंग बघितलं नाही. कोपऱ्यातली जमीन पायाने दाबून बघितली नाही. स्लाइड-आउट (ट्रेलरचा बाहेर सरकणारा भाग) बाहेर काढून दाखवा म्हणाला नाही, टायर किती साली बनलेत तेही पाहिलं नाही. जुना ट्रेलर घेणारा खरा माणूस सगळ्यात आधी पाणी कुठे मुरलंय ते शोधतो. आम्ही स्वतः हा ट्रेलर घेतला तेव्हा दोन तास टॉर्च घेऊन फिरलो होतो! या माणसाचा पहिला प्रश्न होता, "पिंक स्लिप हातात आहे ना? लोन बाकी नाही ना?" पिंक स्लिप म्हणजे ट्रेलरच्या मालकीचा कागद. त्याला ट्रेलर नकोच होता, तो कागद हवा होता. तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे. भावातही त्याने फक्त ५०० डॉलर कमी केले, आणि आम्ही खूश झालो.

पण आम्ही बेसावध नव्हतो. त्याचं लायसन्स बघितलं, फोटो काढून ठेवला (तेही खोटंच निघालं). चेक शुक्रवारी घेतला, पण ट्रेलर दिला नाही. मी स्वतः बँकेत जाऊन चेक भरला. सोमवारी खात्यात पैसे दिसले. तरीही मी काउंटरवर जाऊन विचारलं, पैसे आले का? बाई म्हणाली, हो, वापरू शकता. यापुढे सामान्य माणसाने आणखी काय करायचं? संध्याकाळी ट्रेलर दिला. पिंक स्लिपवर सही केली. "बायकोच्या नावावर करायचाय, तिचं नाव नंतर घालतो," म्हणाला, म्हणून घेणाऱ्याची ओळ कोरी राहिली. ती ओळ कधीही कोरी सोडू नका, बायको असो नाहीतर आजी.

दुसऱ्या आठवड्यात चेक परत आला. परराज्यातल्या एका खऱ्या क्रेडिट युनियनच्या (सभासदांच्या मालकीच्या बँकेच्या) नावाने छापलेला बनावट चेक. खात्यात आधीचे ६,२०० आणि हे १९,५००, त्यातून पॉप-अपचे उरलेले ७,३०० देऊन झाले होते. बँकेने १९,५०० काढून घेतले, वर १५ डॉलर फी लावली. खातं उणे १,११५. नियमाप्रमाणे बँकेला पैसे लवकर वापरायला द्यावे लागतात, चेक खरा की खोटा हे कळायला आठवडे लागू शकतात, आणि तोपर्यंतची सगळी जोखीम चेक भरणाऱ्याची. हे मॅनेजरने मला नंतर समजावलं. सोमवारी काउंटरवर एक वाक्य बोलायला काय झालं होतं?

विमा कंपनी म्हणाली, तुम्ही स्वखुशीने दिलात, ही चोरी नाही. पॉलिसीत तसं कलम आहे. आम्ही इतकी वर्षं हप्ते भरले ते कशासाठी?

आणि पोलीस. "ही सिव्हिल मॅटर आहे, वकील बघा." अहो, खोटा चेक देणं कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत कलम ४७६ खाली गुन्हा आहे! ते कलम मी छापून नेलं, तेव्हा कुठे रिपोर्ट नंबर मिळाला. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात पिकअप दिसत असणार हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. कोणी गेलं नाही आणि चित्रण पुसलं गेलं. व्हीआयएनवरून (ट्रेलरच्या ओळख क्रमांकावरून) कळलं की ट्रेलर सेंट्रल व्हॅलीतल्या एका कुटुंबाच्या नावावर चढलाय. त्यांनी पैसे मोजून घेतलाय, त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नाही. कॅलिफोर्नियाच्या कमर्शियल कोडच्या (व्यापारी कायद्याच्या) कलम २४०३ प्रमाणे, खोट्या चेकवर दिलेली वस्तूसुद्धा पुढे प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्याची होऊ शकते. वकिलाने हे सांगायचे ४०० डॉलर घेतले. स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात) १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, पण कोणावर? नाव खोटं, पत्ता खोटा.

घेणाऱ्याबरोबर त्याच्याच बँकेच्या शाखेत जा आणि कॅशिअरने तुमच्यासमोर चेक बनवला तरच घ्या. चेकवर छापलेल्या नंबरला फोन करू नका, तो नंबरही फसवणाऱ्यांचाच असतो. ट्रेलर दिल्यावर रिलीज ऑफ लायबिलिटी (ट्रेलर विकला हे डीएमव्हीला, म्हणजे वाहन नोंदणी खात्याला, कळवायचा फॉर्म) पाच दिवसांत भरा, आम्ही भरलं होतं. फसलात तर पोलिसांची वाट न बघता एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाइन तक्रार केंद्रावर त्याच दिवशी तक्रार नोंदवा.

परवा पोलिसांचा फोन आला, फाईल बंद करायची का म्हणून. मी नाही म्हणून सांगितलं. पांढरी एफ-२५०, चाळिशीचा माणूस, पिंक स्लिपवर बायकोचं नाव नंतर घालतो म्हणणारा, असा कोणी तुमच्याकडे आला असेल तर मला कळवा. दोन तक्रारी एकत्र गेल्या तर तरी ते उठतील.