सपाट लोगोला जाडी आणि हालचाल : ब्लेंडर, सिनेमा फोरडी, आफ्टर इफेक्ट्स की थेट ब्राउझर?

लोगो थ्रीडी करायला शिकायचं म्हटलं की चर्चा सॉफ्टवेअरपासून सुरू होते. खरं तर आधी ठरवायचं ते हे, की तयार झालेला लोगो शेवटी दिसणार कुठे? चार सेकंदांच्या व्हिडिओत, वेबपेजवर बोटाने फिरवता येईल असा, की रोज नवीन प्रोमो बनवणाऱ्या स्टुडिओच्या कामात? यावर अर्धी निवड होऊन जाते. उरलेली अर्धी तुमच्याकडे कोणतं सॉफ्टवेअर आधीपासून आहे त्यावर.

तुलनेसाठी एकच लोगो डोळ्यापुढे ठेवू : एक वर्तुळ, त्यातून कोरून काढलेला ‘क’, आणि खाली देवनागरीत नाव. दिसायला सोपा, पण बहुतेक अडचणी यातच भेटतात.

आधी फाइल साफ करा

हे काम चारही वाटांवर सारखंच आहे, आणि शिकणारा सगळ्यात जास्त इथेच अडतो. दोष सॉफ्टवेअरला दिला जातो, चूक एसव्हीजीमध्ये (लोगोच्या रेषांच्या फाइलमध्ये) असते.

जेपीजीवरून ट्रेस केलेला लोगो वापरू नका. नीट काढलेल्या वर्तुळाला ४ नोड (रेषेचा आकार ठरवणारे बिंदू) पुरतात. ट्रेस केलेल्याला साठ-सत्तरही येतात. सपाट असताना दोन्ही सारखेच दिसतात, पण जाडी देऊन कडा गोल केल्या आणि वरून प्रकाश टाकला की दुसऱ्याच्या कडेवर लाटा उठतात. त्या पॉलिश करून जात नाहीत, आकार पुन्हा काढावा लागतो. इंकस्केप किंवा इलस्ट्रेटरमध्ये मूळ चित्र खाली ठेवून वरून नव्याने काढलं तर अर्ध्या तासाचं काम आहे.

अक्षरांचे पाथ करा, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराऐवजी नुसते रेषांचे आकार. नुसत्या स्ट्रोकने काढलेल्या रेषांनाही आकार द्या (इंकस्केपमध्ये ‘स्ट्रोक टू पाथ’), कारण ब्लेंडरला स्ट्रोकची जाडी समजत नाही, त्याला फक्त मधली रेघ दिसते. ग्रेडियंट आणि क्लिपिंग मास्क काढून टाका. मागे लपलेला पांढरा चौकोनही शोधून काढा, नाहीतर लोगोमागे भिंत उभी राहते आणि ती आली कुठून ते कळत नाही.

देवनागरीसाठी एक पायरी जास्तीची. अनेक फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. छपाईत ते दिसत नाही. जाडी देताना मात्र, सगळी अक्षरं एकाच पाथमध्ये असतील तर चढलेल्या जागी भोक पडतं, आणि वेगळी असतील तर त्या जागी पृष्ठभाग लुकलुकतो. उपाय एकच : पाथ केल्यावर ‘युनियन’ करून पूर्ण शब्दाचा एक आकार करा. इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हे सापडणार नाही, कारण तिथली अक्षरं सहसा सुटी असतात.

ब्लेंडर : फुकट आहे, पण बारकावे तुमच्या अंगावर

ब्लेंडर २००२ पासून मुक्त स्रोत आहे आणि त्यात केलेलं काम कुठेही वापरायला आडकाठी नाही. शिकताना त्रास होतो तो आवृत्त्यांचा. २०१९ मध्ये २.८० आलं आणि मांडणीच बदलली, त्यामुळे त्याआधीचे व्हिडिओ बघण्यात अर्थ नाही. नंतरचेही जपून बघा. ‘ऑटो स्मूथ’ची टिक शोधून दमलेले कितीतरी जण असतात, ती ४.१ मध्ये काढून टाकली आहे. एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती घ्या आणि शिकून होईपर्यंत तीच ठेवा.

एसव्हीजी आयात केली की पडद्यावर काहीच आलं नाही असं वाटतं. आलेलं असतं, पण इवलंसं : ५०० पिक्सेलचा लोगो जेमतेम १३-१४ सेंटीमीटरचा होऊन येतो. सगळं निवडून २० पट मोठं करा आणि कंट्रोल-ए दाबून स्केल लागू करा. हे विसरलात तर पुढे कडांची मापं चुकीची लागतात. ‘क’चं भोक न पडता तो वर्तुळावर नुसता बसलेला दिसला, तर दोन्ही कर्व्ह (आयात झालेले रेषांचे आकार) वेगळ्या वस्तू म्हणून आले आहेत. दोन्ही निवडून कंट्रोल-जे, की भोक पडतं.

मग कर्व्हच्या ‘जॉमेट्री’ भागात एक्स्ट्रूड (जाडी) आणि बेव्हल (कडेची गोलाई). इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. एक्स्ट्रूडचा आकडा पुढे आणि मागे दोन्हीकडे लागतो, म्हणजे ०.१ दिलं की जाडी ०.२ होते. त्यात बेव्हलही दोन्हीकडून मिळतो. दुसरं म्हणजे बेव्हल बाहेरच्या बाजूला वाढतो, अक्षरं जाड होतात आणि ‘क’मधली बारीक फट बुजते. बेव्हल ०.०२ दिला तर त्याच भागातला ‘ऑफसेट’ उणे ०.०२ करा, म्हणजे मूळ रेषा जागेवर राहते. हा ऑफसेट न वापरल्यामुळे ‘थ्रीडी केल्यावर लोगो वेगळाच दिसतो’ अशी तक्रार ग्राहकाकडून येते, आणि ती बरोबर असते.

बेव्हल किती द्यावा? लोगोतल्या सगळ्यात बारीक रेघेच्या पाव जाडीपर्यंत. निम्म्यावर गेलात की समोरासमोरच्या कडा एकमेकींत घुसतात आणि काळे त्रिकोण दिसू लागतात. रिझोल्यूशन २ किंवा ३ पुरे.

कर्व्हचा मेश (पृष्ठभागांचं जाळं) करायची घाई नको. मेश झाला की जाडी आकडा बदलून बदलता येत नाही. आधी कर्व्हची एक प्रत बाजूला ठेवा.

सिनेमा फोरडी : पैसे लागतात, वेळ वाचतो

हीच कामं इथे कमी कटकटीत होतात. इलस्ट्रेटरची फाइल ओढून आणता येते (जुन्या आवृत्त्यांना ती ‘इलस्ट्रेटर ८’ स्वरूपातच लागायची), स्प्लाइन (कर्व्हचं इथलं नाव) एक्स्ट्रूडखाली टाकल्या, ‘हायरार्किकल’ टिक केलं की सगळ्यांना एकदम जाडी येते. ‘क’चं भोक पाडायला दोन्ही स्प्लाइन एकत्र जोडाव्या लागतात, ते ब्लेंडरसारखंच. पण २०१९ च्या आर२१ पासून कडांची व्यवस्था नव्याने बांधली आहे, आणि गोल, पायरीची किंवा स्वतः काढलेल्या रेषेची कड जाग्यावर बदलून बघता येते.

फरक खरा दिसतो तो मोग्राफमध्ये, म्हणजे अनेक वस्तू एकदम हलवायच्या साधनांमध्ये. नावातलं एकेक अक्षर खालून वर येऊन बसवायचं असेल तर फ्रॅक्चरमध्ये अक्षरं टाका, प्लेन इफेक्टर जोडा, आणि एक फील्ड डावीकडून उजवीकडे सरकवा. दोन की-फ्रेममध्ये (हालचालीची सुरुवात आणि शेवट ठरवणाऱ्या खुणांत) काम होतं. (अर्थात युनियन केलेल्या देवनागरी शब्दाला हे चालत नाही. शिरोरेषा स्वतंत्र पट्टी म्हणून काढा आणि अक्षरं तिच्याखाली सुटी ठेवा. पट्टी आणि अक्षरं वेगवेगळ्या जाडीची केली तर लुकलुकणंही टळतं.) ब्लेंडरमध्ये हेच करायला प्रत्येक अक्षराच्या की-फ्रेम हाताने मागेपुढे सरकवा, नाहीतर जॉमेट्री नोड्स (आकार आणि हालचाल नियमांनी घडवायची पद्धत) शिका. पाच अक्षरांना हाताने ठीक आहे. पन्नास लोगोंना नाही.

म्हणून हिशेब सरळ आहे. आठवड्याला दोन-तीन अशी कामं येत असतील तर वर्गणी वसूल होते. महिन्याकाठी एक येत असेल तर होत नाही.

आफ्टर इफेक्ट्स : मुक्काम आधीच तिथे असेल तर

आफ्टर इफेक्ट्स (ॲडोबीचं व्हिडिओतल्या हलत्या ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर) रोज वापरणाऱ्याला दुसरीकडे जायची गरज नसतेही. एआय फाइल आणा, लेयर मेनूतून ‘क्रिएट शेप्स फ्रॉम व्हेक्टर लेयर’, थ्रीडीचा स्विच, कॉम्पोझिशन सेटिंगमध्ये रेंडरर सिनेमा फोरडी. मग लेयरखाली ‘जॉमेट्री ऑप्शन्स’ येतं आणि त्यात जाडी, कडेचा प्रकार, कडेची खोली. पंधरा मिनिटांत लोगो जाड होतो.

मर्यादा पुढे समजतात. शेप करताना ग्रेडियंट आणि अपारदर्शकता गळून पडतात. एका लेयरमधल्या सगळ्या आकारांना जाडी एकच, त्यामुळे वर्तुळ जाड आणि नाव पातळ हवं असेल तर इलस्ट्रेटरमध्येच लेयर वेगळे करून आणा. या रेंडररमध्ये ब्लेंडिंग मोड, ट्रॅक मॅट आणि मोशन ब्लर चालत नाहीत. भर्रकन फिरणारा लोगो मोशन ब्लरशिवाय तुटक दिसतो, आणि कारण सापडेपर्यंत संध्याकाळ जाते.

नव्या आवृत्त्यांत ‘ॲडव्हान्स्ड थ्रीडी’ रेंडरर आहे, तो जीएलबी (थ्रीडी मॉडेलची फाइल) थेट घेतो आणि एचडीआरआयचा (भोवतालच्या उजेडाच्या चित्राचा) प्रकाशही देतो. यामुळे मधली वाट निघते : मॉडेल ब्लेंडरमध्ये, हालचाल आणि बाकीची सजावट आफ्टर इफेक्ट्समध्ये. आधीच वर्गणी भरत असणाऱ्यांना आमच्या मते हीच सगळ्यात शहाणी.

ब्राउझर : स्प्लाइन किंवा थ्री-जेएस

लोगो वेबपेजवर जिवंत हवा असेल तर व्हिडिओची साधनं आडवाटेची ठरतात. स्प्लाइन (सिनेमा फोरडीतल्या रेषा नव्हे, या नावाचं थ्रीडी साधन) ब्राउझरमध्येच चालतं, एसव्हीजी घेतं, जाडी देतं, आणि माउस वर आला की काय व्हावं तेही कोड न लिहिता ठरवता येतं. फुकट योजनेत त्यांचं चिन्ह दिसतं, आणि बारीक कडांवर ताबा कमी.

कोड येत असेल तर थ्री-जेएस (ब्राउझरमध्ये थ्रीडी दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी), तिचा एसव्हीजी-लोडर आणि एक्स्ट्रूड-जॉमेट्री. लोगो उलटा उभा राहील, कारण एसव्हीजीत वाय अक्ष खाली जातो. ग्रुपचा वाय-स्केल उणे १ करा. भूमितीचे बिंदूच उलटवलेत तर पृष्ठभाग आतबाहेर होतात आणि लोगो पोकळ दिसतो. बेव्हल इथेही बाहेर वाढतो, त्यावर बेव्हल-ऑफसेट आहेच.

ब्लेंडरमधून जीएलबी करून आणणार असाल तर लक्षात ठेवा, जीएलटीएफ २.० मध्ये (जीएलबी याच स्वरूपाची फाइल) सरकणं, फिरणं, लहान-मोठं होणं आणि शेप-की (आकार बदलणं) एवढीच हालचाल सहज जाते. मटेरियलचा बदलता रंग किंवा जॉमेट्री नोड्समधली हालचाल जात नाही. आणि मॉडेलचा पृष्ठभाग ज्यांनी बनतो ते त्रिकोण मोजा : मोबाइलवरच्या एका लोगोला वीस-तीस हजार भरपूर झाले. कडेला दहा भाग दिलेत तर हा आकडा कधी ओलांडला ते कळणारही नाही.

प्रकाश आणि रंग : सगळीकडे हेच अडतं

सोनेरी मटेरियल लावलं आणि लोगो राखाडी-तपकिरी दिसतो. धातूला स्वतःचा असा रंग फारसा दिसत नाही, तो आजूबाजूचं दाखवतो, आणि आजूबाजूला काहीच नसतं. एचडीआरआय किंवा दोन मोठे एरिया लाइट लावा. तरीही लोगोचा समोरचा भाग सपाट असल्यामुळे तो एकाच दिशेचं प्रतिबिंब दाखवतो, म्हणून एकसुरी राहतो. चमक पकडते ती कड. त्यामुळे लोगो फार न हलवता लाइट हळूहळू सरकवला, तर कडेवरून धावणारी रेघ मिळते आणि काम महागडं वाटतं.

कंपनीचा ठरलेला लाल मात्र वेगळी डोकेदुखी. ब्लेंडर ४.० पासून व्ह्यू ट्रान्सफॉर्म (दृश्याचे रंग पडद्यासाठी बदलणारी सेटिंग) मुळातच ‘एजीएक्स’ असतो. फोटोसारख्या दृश्याला तो उत्तम, पण भडक लाल त्यात विटका होतो. लोगोसाठी ‘स्टँडर्ड’ करा. सिनेमा फोरडीत रेडशिफ्ट हा रेंडरर वापरताना एसीईएस या रंगपद्धतीमुळे तसंच होतं, तिथे ‘अन-टोन-मॅप्ड’. अचूक रंग मागणाऱ्यांसाठी समोरच्या पृष्ठभागाला एमिशन (स्वतःचा उजेड) द्या आणि फक्त कडांना प्रकाश घेऊ द्या.

हालचाल आणि रेंडर

पूर्ण ३६० अंश फिरवायचा मोह आवरा. मागे गेल्यावर नाव उलटं वाचलं जातं. डावी-उजवीकडे ३० अंश पुरे होतात. फिरवायचाच असेल आणि लूप हवा असेल, तर ७५ फ्रेमच्या लूपला की-फ्रेम १ आणि ७६ वर द्या, रेंडर १ ते ७५, आणि इंटरपोलेशन (दोन की-फ्रेममधला वेग) लिनियर, म्हणजे एकसारखं. मूळचं बेझिए ठेवलंत तर प्रत्येक फेरीला लोगो दम घेतो.

७५ फ्रेम म्हणजे २५ च्या वेगाने ३ सेकंद. ब्लेंडरच्या ईव्ही या झटपट रेंडररला फ्रेममागे २० सेकंद लागत असतील तर २५ मिनिटं. सायकल्स या संथ पण जास्त खऱ्या दिसणाऱ्या रेंडररला ३ मिनिटं लागत असतील तर पावणेचार तास. व्हिडिओ फाइल थेट रेंडर करू नका, पीएनजी फ्रेम काढा. साठाव्या फ्रेमला मशीन बंद पडलं तर साठपासून पुढे सुरू करता येतं. पारदर्शक पार्श्वभूमी हवी असेल तर नेहमीच्या एच.२६४ एमपी४ मध्ये ती मिळत नाही. प्रोरेस ४४४४ (पारदर्शकता सांभाळणारा व्हिडिओ प्रकार) किंवा त्याच पीएनजी फ्रेम द्या.

मग कोणी काय घ्यावं

हातात काहीच नाही आणि थ्रीडी पुढेही करायचं आहे : ब्लेंडर. रोज तासभर दिलात तर पहिला नीटनेटका लोगो दोन-तीन आठवड्यांत निघतो. वर्गणी आधीच आहे आणि काम परवा द्यायचं आहे : आफ्टर इफेक्ट्स, ग्रेडियंट नसलेल्या लोगोसाठी. त्या वर्गणीबरोबर सिनेमा फोरडीची लाइट आवृत्तीही येते. पूर्ण सिनेमा फोरडीवर पैसे टाकण्याआधी ती महिनाभर वापरून बघा. वेबवाले : कोड येत नसेल तर स्प्लाइन, येत असेल तर थ्री-जेएस.

आणि नुसतं स्थिर चित्रच हवं असेल तर यातलं काहीच नको. इलस्ट्रेटरमधला ‘थ्रीडी अँड मटेरियल्स’ इफेक्ट जाडी, कड आणि प्रकाश देतो, आकार जीएलटीएफ म्हणून बाहेरही काढतो.